रानाचं सर्टिफिकेट आणि वाडीचा होकार

प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. संगमेश्वर तालुक्यात तुमच्या भावकीचं दीडशे एकरांच्या आसपास सामायिक रान आहे. ऐन, किंजळ, जांभूळ, मधेमधे जुने बेहडे, खालच्या अंगाला पऱ्या, म्हणजे डोंगरातला ओढा. एका कंपनीने सुचवलंय की आजूबाजूच्या मालकांना धरून गट करा, एफएससीचं, म्हणजे रान जबाबदारीने राखल्याचं, सर्टिफिकेट घ्या, खर्च आमचा, लाकूड आणि बेहडा मात्र आम्हालाच द्यायचा. त्यांचा माणूस म्हणतो, 'लोकसहभागासाठी ग्रामसभेचा ठराव आणि सह्या तेवढ्या आणा, बाकी आम्ही बघतो.' एवढ्याने भागतं का, असं तुम्ही विचारलंय. आणि भागत नसेल तर लोकसहभाग म्हणजे नक्की करायचं काय?

भागत नाही. ठराव वाईट नाही, पण तो या कामातला शेवटचा कागद आणि तुमच्याकडे तो पहिला म्हणून मागितला जातोय. रान कुणाच्या नावावर आहे ते सातबारा सांगतो. ते कोण वापरतं हे सातबाऱ्यावर नसतं, आणि सर्टिफिकेटसाठी विचारायचं असतं ते मुख्यतः या वापरणाऱ्यांना. मी आधी व्यवस्थापन आराखडे करत होते, नंतर ऑडिटच्या टीममध्ये बसले. कोकणातली प्रकरणं झाडांच्या मोजणीवर अडलेली मी फार कमी पाहिली. अडतात ती इथे.

व्यवस्था थोडक्यात सांगते. एफएससी म्हणजे फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल, 1993 साली स्थापन झालेली, मुख्यालय जर्मनीत बॉनला. ती स्वतः सर्टिफिकेट देत नाही. ती निकष ठरवते, तपासणी करून सर्टिफिकेट देणाऱ्या एजन्सी वेगळ्या. निकषांच्या मुळाशी दहा तत्त्वं आहेत. दुसरं कामगारांचं, तिसरं आदिवासी समूहांच्या हक्कांचं, चौथं स्थानिक समुदायाचं, आणि नववं उच्च संवर्धनमूल्याच्या जागांचं. या नवव्यात दुर्मिळ पशुपक्ष्यांबरोबर लोकांच्या रोजच्या गरजेच्या आणि श्रद्धेच्या जागाही मोडतात. म्हणजे दहातली चार तत्त्वं माणसांशी बोलल्याशिवाय पुरीच होत नाहीत. सर्टिफिकेट पाच वर्षांचं, आणि दरवर्षी ऑडिट. दुसरी मोठी व्यवस्था पीईएफसी, 1999 ची, तिच्याशी जोडलेली भारतातली योजना एनसीसीएफ ही संस्था चालवते. शिवाय डिसेंबर 2023 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने स्वतःची भारतीय वन आणि लाकूड प्रमाणन योजना आणली, तिचं कामकाज भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेकडे आहे. फॉर्म वेगवेगळे, पण लोकांना विचारलं का हा प्रश्न कुठेच चुकत नाही.

आता आपल्याकडची अडचण. गडचिरोलीत लोकसहभाग म्हटलं की ग्रामसभा, सामूहिक वनहक्क, मेंढा-लेखा असं चित्र लगेच उभं राहतं. तिथे वन सरकारी, 2006 च्या वनहक्क कायद्याने हक्क ग्रामसभेकडे आलेले, त्यामुळे समुदाय कोण हे बऱ्यापैकी ठरलेलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बहुतेक रान खाजगी. 1949 च्या कायद्याने खोती गेली, कुळकायदा आला, वाटण्या झाल्या किंवा व्हायच्या राहिल्या, आणि एकेका गटनंबराच्या सातबाऱ्यावर तीस-तीस, चाळीस-चाळीस नावं चढली. निम्मी मुंबईला, काही वारलेली, काहींची वारसनोंद नाही. त्यात कुठे 'इतर हक्क' रकान्यात 1975 च्या खाजगी वने संपादन कायद्याचा शेरा. सिंधुदुर्गात वनसंज्ञेचा, म्हणजे कागदोपत्री वन ठरलेल्या जमिनींचा घोळ, आंबोली-गेळे-चौकुळला कबुलायतदार गावकरांच्या सामायिक जमिनींचा. खाजगी वनाची जुनी नोटीस नुसती निघाली, पुढे काहीच झालं नाही, तर तेवढ्यावर जमीन सरकारजमा होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये गोदरेज प्रकरणात म्हटलं. ते खरं, पण शेरा सातबाऱ्यावर आहे तोवर ऑडिटर तो वाचणारच. तेव्हा सगळ्या गटनंबरांचे फेरफार आधी काढा. हे काम कंपनीला करायला लावा, खर्च तेच करतायत ना.

मालकी मिटली तरी प्रश्न अर्धाच सुटतो. तुमच्या रानात वर्षभरात कोण कोण पाय ठेवतं ते एकदा बोटांवर मोजा. वाडीतल्या बायका फाटी, म्हणजे सरपण आणतात, पातेरा, म्हणजे वाळका पाला भरतात, पावसाळ्याच्या तोंडाला अळंबी शोधतात. भाताच्या रोपांची जमीन भाजायच्या राबासाठी ऐन-किंजळीची कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या तोडायला सगळीच येतात, भावकीतली आणि बाहेरचीही. वरच्या धनगरवाड्याची गुरं चैत्र-वैशाखात खाली उतरतात. कातकरी मध काढतात, कंद खणतात, पऱ्यात खेकडे धरतात. देवरहाटी, म्हणजे देवाचं राखलेलं रान, तुमच्या रानाला लागून असेल तर गुरव आणि मानकरी आले. आणि खालच्या वाडीची माणसं रानात कधी येतही नसतील, पण त्यांच्या विहिरीचं पाणी तुमच्या डोंगराच्या पोटातून येतं. यातल्या बहुतेकांचं नाव सातबाऱ्यावर नाही. चौथ्या तत्त्वाच्या भाषेत हे सगळे 'बाधित' किंवा 'रूढ हक्क असलेले'. भावकीच्या बैठकीला यातलं कोण येतं? ग्रामसभेला तरी किती येतात? धनगरवाडा आणि कातकरवाडी ग्रामपंचायतीपासून सगळ्यात लांब असते, ही गोष्ट नव्याने सांगायला नको.

म्हणून माझा आग्रह असतो की सुरुवात बैठकीने करू नका, चालण्याने करा. भात झोडून झालं की कार्तिक-मार्गशीर्षात एक सकाळ काढा. गावनकाशाची मोठी प्रत घ्या, गटांच्या हद्दी आखून घ्या, आणि ज्या बायका खरोखर रानात जातात त्यांच्यामागून चाला. त्यांच्यामागून, पुढून नाही. पुढे चाललात की तुम्ही दाखवाल तेच त्या बघतील.

राजापूरच्या बाजूला एका गावात आराखडा जवळजवळ तयार होता. तोडीसाठी तुकडे पाडलेले, दरवर्षी एक तुकडा, रंगीत नकाशा, सगळं देखणं. चालता चालता एक म्हातारी एका उताराशी थांबली. नकाशावर तिथे पहिल्या वर्षाच्या तोडीचा रंग होता. जमिनीवर काही विशेष दिसत नव्हतं, मोठाले दगड, दगडांखाली ओलसर माती, आठ-दहा जुनी झाडं. ती म्हणाली, 'हितलं तोडलंत तर खालच्या पऱ्याला चैतात पानी नाय.' आराखडा करणाऱ्या मुलाने तिला विचारलं, कशावरून. तिने त्याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाचं उदाहरण दिलं, कुणाचं रान कधी उक्तं गेलं आणि त्यानंतर कुठल्या विहिरीचा तळ लवकर दिसायला लागला. नावानिशी, वर्षानिशी. त्या दिवशी नकाशावरचा पहिल्या वर्षाचा रंग पुसला. पऱ्याच्या दोन्ही काठची पट्टी कायमची तोडीबाहेर गेली, आणि तिची नोंद उच्च संवर्धनमूल्याची जागा म्हणून झाली, पाण्यासाठीही आणि लोकांच्या गरजेसाठीही. सल्लागाराला हे उपग्रहाच्या चित्रावर दिसलं नसतं. ग्रामसभेत माइकसमोर ती म्हातारी बोलली नसती.

(सल्लागारांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. कोकणातल्या एका रानाचा आराखडा माझ्याकडे तपासायला आला, त्यात मुख्य प्रजाती म्हणून साल वृक्ष लिहिलेला, जो कोकणातल्या रानात होतच नाही. मध्य प्रदेशातला जुना आराखडा उघडून गावाचं नाव बदललेलं, बाकी तसंच. तुमचा मसुदा आला की आधी झाडांची नावं वाचा. बाकी किती खरं असेल त्याचा अंदाज तिथेच येतो.)

चालून झालं की मग संमतीचा विषय. कुणाच्या रूढ हक्काला धक्का लागणार असेल तर त्यांची मोकळेपणाने, आधी आणि पूर्ण माहिती घेऊन दिलेली संमती लागते, असं निकष म्हणतात. कोकणात यातला प्रत्येक शब्द कुठे ठेचकाळतो ते मी पाहिलंय.

मोकळेपणाचं घ्या. आपल्याकडे रान उक्तं द्यायची पद्धत. ठेकेदार दिवाळीच्या आधी येतो, उचल देतो, आणि शिमग्यापर्यंत डोंगर बोडका होतो. ज्यांनी उचल खाल्ली आहे त्यांचा होकार मोकळा कसा धरायचा? तुमच्या कंपनीने कुणाला आगाऊ रक्कम दिली असेल तर ती आधी जाहीर व्हायला हवी, आणि संमती झाल्यावरच व्यवहार, हे लेखी हवं. 'आधी' या शब्दाचं तेच. तोडीचा करार झाल्यावर घेतलेली सभा ही संमती नव्हे, ती वर्दी.

माहितीचं म्हणाल तर लोकांना 'शाश्वत वनव्यवस्थापन' सांगू नका. सांगा की या गटातली झाडं अमुक वर्षी तुटणार, ही ही झाडं बियांसाठी उभी राहणार, फाटी कुठून आणायची, गुरं कुठे जातील, किती वर्षं नाही जाणार, पैसे कुणाला, किती. कवळ तोडायला मनाई येणार असेल तर तेही पहिल्याच दिवशी सांगा. ते नंतर कळलं की सगळा विश्वास गेला.

आणि आपल्या माणसांचा एक स्वभाव लक्षात घ्या. तोंडावर नाही कुणी म्हणत नाही. 'बघू', 'तुमी म्हनताव ना', 'मुंबईवाल्यांना इचारा' म्हणजे नाही. सभेत सगळे गप्प बसले म्हणून 'एकमताने मंजूर' लिहू नका. ऑडिटरने गावात फिरायचं ठरवलं तर एका दुपारी ते उघडं पडतं.

मुंबईवाल्यांचं मात्र खरं आहे. बहुतेक गावांत पैशाचा आणि देवळाचा निर्णय ग्रामस्थ मंडळ, मुंबई यांच्याशिवाय होत नाही. त्यांना टाळलंत तर गणपतीत येऊन ते सगळं उलटं करतील. तेव्हा त्यांच्याशी बोलायची वेळ गणपती, शिमगा किंवा मे महिना. पण मुंबईचं मंडळ म्हणजे समुदाय नव्हे. सहहिस्सेदार म्हणून त्यांची सही लागते. पऱ्याचं पाणी आटलं तर हंडा घेऊन लांब जाणारी ती नसतात. दोन्ही बैठका वेगळ्या घ्या, वेगळ्या लिहा. बायकांची तिसरी, दुपारची, पुरुषांशिवाय. कातकरवाडीची चौथी, त्यांच्याच वाडीत, आणि भट्टीवर गेलेली कुटुंबं परत आल्यावर.

देवरहाटीचा निर्णय या कुठल्याच बैठकीत होत नाही. तिथलं वाळकं खोड उचलायचं तरी देवाला कौल लावतात, म्हणजे त्याची परवानगी विचारतात. पुष्कळ शहरी ऑडिटरांना हे कसं लिहावं कळत नाही. सरळ लिहायचं: या जागेबद्दल गावाची निर्णयपद्धत ही आहे, मानकरी हे, कौल अमुक दिवशी लावला, मिळाला किंवा नाही मिळाला. नाही मिळाला तर ती जागा आराखड्यातून बाहेर. ती देवरहाटी गटाच्या हद्दीबाहेर असली तरी तिच्या कडेने लाकडाचा टेम्पो जाणार असेल तर विचारावं लागतं.

कातकऱ्यांबद्दल थोडं जास्त बोलते, कारण सर्टिफिकेटने सगळ्यात मोठं नुकसान त्यांचं होऊ शकतं. महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी हा एक. खैरापासून निघणाऱ्या कातावरून ज्यांचं नाव पडलं त्यांना आज खैराच्या झाडाला हात लावायची सोय नाही, ते असो. त्यांच्या कितीतरी वाड्या दुसऱ्याच्या जमिनीवर आहेत. रानातला त्यांचा वावर पिढ्यान्‌पिढ्यांचा, कागद एक नाही. मालक चांगला म्हणून चाललेलं असतं. सर्टिफिकेट आलं की रानाला हद्द येते, फलक येतो, 'विनापरवाना प्रवेश बंद' येतं, आणि पहिला बाहेर होतो तो कातकरी. कागदावर रान छान राखलं गेलेलं दिसतं. तिसरं तत्त्व नेमकं यासाठी आहे, आणि हक्क सिद्ध करायचा भार तिथे कातकऱ्यांवर नाही. त्यांचा वापर शोधून नोंदवायची जबाबदारी रान चालवणाऱ्याची. मध, कंद, खेकडे, सरपण यांची मुभा आराखड्यात स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. तोड त्यांच्याच हातून होणार असेल तर दुसरं तत्त्वही लागू: मजुरी ठरलेल्या दराने, उचलीत माणूस अडकवायचा नाही, मुलं कामावर नाहीत, कटर चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि पायात बूट.

आता पैसा, कारण भावकीत शेवटी तेच विचारणार. लाकडाबद्दल माझं मत फार उत्साहाचं नाही. आपल्याकडचं रानाचं लाकूड जातं जळणाला, भट्टीला, फार तर फळ्यांना. तिथला गिऱ्हाईक एफएससीचं नाव विचारत नाही, जास्त दर तर सोडाच. शिवाय सर्टिफिकेट असो-नसो, 1964 च्या वृक्षतोड कायद्याची परवानगी, ऐन-किंजळ-जांभूळ-हिरडा या यादीतल्या झाडांसाठी, आणि वाहतुकीचा पास, हे काहीच चुकत नाही. ऑडिटचा खर्च लहान मालकाला एकट्याने परवडत नाही, म्हणून गट आणि लहान रानांसाठीची सुटसुटीत पद्धत. पण खर्च कंपनी करणार असेल तर सर्टिफिकेट कुणाच्या नावावर निघणार ते आधी विचारा. गटाचा व्यवस्थापक कंपनीच असेल तर उद्या ती निघून गेली की तुमच्या हातात फलक उरेल.

बेहड्याचं गणित वेगळं आहे. झाड उभं राहून दरवर्षी फळ देतं, औषधी कंपन्यांना त्यात रस आहे, आणि रानातून गोळा केलेल्या वनस्पतींसाठी फेअरवाइल्ड नावाचं वेगळं सर्टिफिकेटही आहे. सह्याद्रीतल्या हिरड्या-बेहड्याला ते मिळालेलं आहे. तुमच्याच तालुक्यात पुण्याच्या एईआरएफ या संस्थेने मालकांशी संवर्धन करार करून रानं राखायचं काम केलंय, शक्य असेल तर त्या मालकांना जाऊन भेटा, माझ्या उत्तरापेक्षा ते जास्त सांगतील. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश घरटं करतो, त्यामुळे झाड राखणं, पक्षी राखणं आणि फळ विकणं एका रेषेत येतं. असं फार थोड्या झाडांच्या बाबतीत होतं.

पण बेहडा गोळा कोण करतं? मालक नाही. हिवाळ्यात पडलेली फळं वेचायची, खळ्यावर पसरायची, दवात भिजू द्यायची नाहीत, बुरशी धरली की माल परत. हे काम बायकांचं. व्यापाऱ्याचा दर मालकाच्या हातात पडतो आणि वेचणारीला रोजाची मजुरी, तीही कधी कधी माल गेल्यावर. तुमच्या करारात वेचणारीचा किलोमागचा दर वेगळा लिहा, मालकाचा वेगळा. वजन तिच्यासमोर, पावती तिच्या नावाने. फेअरवाइल्डमध्ये खरेदीदाराकडून जास्तीची रक्कम वेगळ्या निधीत जाते आणि ती कशावर खर्च करायची हे गोळा करणाऱ्यांनी ठरवायचं असतं. हा निधी देवळाच्या रंगाला गेलेला मला चालेल, पण ते वेचणाऱ्यांनी ठरवलेलं असलं पाहिजे. गावकीने परस्पर नाही. आणि किती फळ झाडाखाली रानासाठी सोडायचं ते आराखड्यात हवं, कारण पुढचं रोप त्यातूनच यायचं.

एफएससीमध्ये 2018 पासून पाणी, कार्बन, जैवविविधता अशा परिसंस्थेच्या सेवांचे दावे तपासून घ्यायची सोय आहे. त्याला प्रायोजक मिळाला तर तोड न करताही थोडा पैसा येऊ शकतो. कंपनीला विचारून बघा. मात्र त्यावर आज कर्ज काढू नका.

एक तारीख लक्षात ठेवा: 31 डिसेंबर 2020. त्यानंतर नैसर्गिक रान साफ करून काजू, रबर किंवा दुसरी लागवड केली असेल तर एफएससीमध्ये तो तुकडा सहसा बसत नाही. 1 डिसेंबर 1994 पासून त्या तारखेपर्यंत केली असेल तर भरपाईची आणि रान पुन्हा उभं करण्याची वाट आहे, पण ती लांबची. युरोपच्या जंगलतोडविरोधी नियमातही लाकडासाठी आणि रबरासाठी तीच तारीख आहे. दोडामार्ग-सावंतवाडीकडे डोंगरच्या डोंगर रबराखाली गेले, तिथल्या मालकांना हे फार जड जाणार आहे. तुमच्या भावकीतल्या कुणी मधल्या काळात कोपऱ्यात कलमं लावली असतील तर आताच सांगा. लपवून उपयोग नाही, जुनी उपग्रह चित्रं सगळ्यांना दिसतात.

ऑडिट कसं होतं तेही सांगते, म्हणजे भीती जाईल. मुख्य तपासणीच्या किमान सहा आठवडे आधी एजन्सीने संबंधितांना कळवायचं असतं. हे कळवणं ईमेलने होतं आणि वाडीत कुणाला पत्ता नसतो, म्हणून मराठीत छापील सूचना रेशन दुकानात, देवळात, अंगणवाडीत लावायची मागणी करा. त्या दिवशी टीम कागद बघते, रानात जाते, बुंधे बघते, आणि वाटेत भेटेल त्याला थांबवते. मी नेहमी पाणवठ्यावर थांबते. 'या रानात कसली तोड चाललीय, तुम्हाला कुणी विचारलं होतं का?' एवढंच विचारायचं. उत्तर 'आमाला काय म्हायत' असं आलं, आणि फाइलमध्ये त्याच बाईचा अंगठा असला, की पुढचं सगळं बारकाईने तपासावं लागतं. मोठी त्रुटी निघाली तर सुधारायला साधारण तीन महिने, किरकोळ असेल तर एक वर्ष. ऑडिटचा सारांश जाहीर होतो, तो मागून वाचा. तक्रार गटाकडे, मग एजन्सीकडे, आणि तिथेही दाद लागली नाही तर वर करता येते. आपल्याकडे लेखी तक्रार कुणी करत नाही, म्हणून गटाने तोंडी तक्रार लिहून घ्यायला एक माणूस नेमावा. भावकीतला नको.

देखरेखीसाठी बाहेरचा तज्ज्ञ लागतोच असं नाही. एक शंभर पानी वही आणि दहावी झालेली एक सून पुरते. रकाने साधे: पऱ्या कुठल्या महिन्यात, कुठल्या वळणापर्यंत आटला, वणवा कधी, कुठून आला, जाळरेषा काढली होती का, कुठल्या ढोलीत धनेश दिसला, कुठला बुंधा नवा दिसला, किती जणींनी किती बेहडा दिला. तिला त्याचं मानधन द्या. तीन वर्षांची अशी वही ऑडिटरसमोर ठेवली की बाकीच्या फाइली तो उगाच उघडत नाही.

आता तुमच्यासाठी. कंपनीला नाही म्हणू नका, पण सह्याही गोळा करू नका. त्यांना लेखी विचारा: सर्टिफिकेट कुणाच्या नावाने, बेहड्याचा आणि लाकडाचा दर कशावर ठरणार, दुसऱ्याला विकायची मुभा आहे का, वाडीचा किंवा धनगरवाड्याचा नकार आला तर आराखडा बदलणार का, फाटी, पातेरा, चराई, कातकऱ्यांचा वापर यांना मुभा कुठल्या कलमात, पाच वर्षांनी कंपनी निघाली तर काय. खरेदीची किमान हमी देत नसतील तर माझ्या मते फक्त बेहड्याचं करा, लाकडाचं राहू द्या. मधली दोन-तीन वर्षं रान नुसतं राहिलं तर त्याचं काही बिघडत नाही, ऐनाच्या बुंध्यांना फुटवे येतातच.

उत्तरं आली आणि नकाशाचा मसुदा हातात पडला की पाठवा. पऱ्याच्या काठाला त्यांनी कुठला रंग दिलाय ते मी आधी बघेन.